पिक्चरमधून गायब झालेला कंडक्टर

त्या पिक्चरबद्दल आमच्या गल्लीचं मत एकच होतं: कादंबरीची वाट लावली. मत बायकांचं, छापलं मी.

कादंबरी तेलुगु. एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली होती. आदिलाबादच्या आमच्या बौद्ध गल्लीत बायकांना तेलुगु बाजारापुरती यायची, वाचता नाही. मीही मराठी शाळेतला. तेलुगुतून शिकली ती माझी ताई. जैनथकडच्या शाळेत मास्तरीण होती, रोज बसनं जायची. रविवारी दुपारी ती ओट्यावर साप्ताहिक उघडून बसे आणि मनात तेलुगु वाचून मोठ्यानं मराठीत सांगे. बायका ज्वारी निवडत ऐकायच्या. वर्षभर हे चाललं. गोष्ट एका मास्तरणीची आणि एका बस कंडक्टरची. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर तो आपली तिकिटांची पेटी ठेवायचा, कोणी बसायला गेलं की म्हणायचा, "सरकारी सामान हाय, तिकडं सरका." मास्तरीण चढली की पेटी उचलायचा. जात वेगळी, भाषा वेगळी. शेवटी मुलीचा बाप म्हणतो, जा, सुखानं राहा. त्या रविवारी ओटा रडला होता.

मग पिक्चर लागला. गल्लीतल्या बायका दुपारच्या खेळाला गेल्या. ताई नाही गेली. डोकं दुखतं म्हणाली. युवक मंडळाची पत्रकं मीच लिहायचो, वही खिशात असायचीच. टॉकीजच्या फाटकावर उभा राहून मतं घेतली.

"कंडक्टर कुठं गेला व?" शेजारची काकू म्हणाली. "हा तं मोटारीतून उतरून राह्यला."

"बस एकदाबी नाई दाखवली."

"बाप काऊन नाई म्हणला? आपल्या गोष्टीत तं हो म्हणला होता."

एक म्हातारी सगळ्यांच्या मागून आली. "हिरो गोरा हाय, पण त्याले पेटी उचलणं व्हाचं नाई."

माझं रक्त तापलं. त्याच दिवशी लिहिलं: 'कंडक्टरला उतरवून बंगलेवाला चढवला. बापाचा होकार कापला. हा पिक्चर नाही, कष्टकऱ्यांच्या प्रेमावरचा दरोडा आहे.' तिकिटांची पेटी, राखलेली जागा, सगळं घातलं. पत्रकं काढली, तहसील कचेरीत वाटली, बसस्टँडवर वाटली. लोक थांबून वाचत होते. एवढं कधी वाचलं नव्हतं कोणी.

घरी येऊन एक ताईला दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं.

"किती वाटले?"

"सगळे."

"कचेरीत बी?"

"तिथं तं पहिले."

ती आत गेली. तिचा चेहरा मी पाहिलाच नाही. मी मजकुरावर खूश होतो.

बाबा त्याच कचेरीत कारकून. त्यांची एक सवय होती: असल कागद पाहिल्याशिवाय नकलेवर सही करायची नाही. पत्रक हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "असल पाह्यलं काय तू?"

"ताईनं वाचलं ना."

"ते नक्कल झाली."

त्यांनी वाचनालयातून साप्ताहिकाचे बांधलेले अंक आणले. कचेरीमुळं त्यांना तेलुगु वाचता यायची. दोन दिवस वाचत बसले. मग आम्हा दोघांना बोलावलं.

"असलमधी कंडक्टर नाईच. पहिल्या पानापासून बंगलेवाला हाय. बाप शेवटपर्यंत नाईच म्हणते. पिक्चर बरोबर हाय." मग ताईकडं वळून म्हणाले, "मी कामाले जैनथले जातो तं त्याच बसनं जातो. ती पेटी कोणाच्या जागेवर असते ते पाह्यलं हाय मी. मले वाटे, मास्तरीण म्हणून मान देते पोरगा. आता कचेरीत शिपाईबी मले इचारून राह्यला, तुमची पोरगी कोण्या बसनं जाते म्हणून."

ताई म्हणाली, "गोष्ट बायकायसाठी होती. शेवट तुमच्यासाठी होता, बाबा. तुमी आत खाटेवर आयकत होते."

विहारात जात मोडायची भाषणं बाबाच करत. मी म्हणालो, "बाबा, तुमीच तं सांगता..."

"तू चूप. तू आधीच लई बोलला."

घरातल्या घरात ते कदाचित कधी हो म्हणालेही असते. गावभर पत्रक फिरल्यावर नाही. तिनं वर्षभर रविवारी-रविवारी बापाला मऊ केलं होतं. मी ते एका दुपारी वाटून टाकलं. असल न पाहता. सरकारवर मी हाच आरोप करत हिंडायचो.

महिन्याभरात ताईची नोकरी सुटली. गल्लीतल्या बायकांना मी खरं काय ते सांगून पाहिलं. कोणी मानलं नाही. पिक्चरवाल्यांनीच कंडक्टर काढला, असं त्या अजून म्हणतात.

किनवटकडून पाहायला माणसं आली. मुलाच्या मामानं विचारलं, "पोरीले तेलुगु येते म्हणे. आमच्याकडं काय कामाची?"

"काईच नाई," ताई म्हणाली.

स्त्रीच्या निवडीच्या हक्कावर मी तोवर चार पत्रकं लिहिली होती. त्या बैठकीत माझ्याकडं पाण्याचे गिलास फिरवायचं काम होतं. मामांचा गिलास रिकामा झाला होता. मी तो भरून दिला.