दुसऱ्या लग्नाने रद्द झालेलं मृत्युपत्र

"पुरवणी कशाला जोडायची? मूळ मृत्युपत्रच रद्द झालंय!" मी माझ्या सीनियर वकिलांना म्हणालो.

ते चष्म्यावरून बघत राहिले. "कशाने?"

"यांच्या दुसऱ्या लग्नाने."

समोर बसले होते पनवेलचे रिटायर्ड मास्तर हायमबाबा, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शेजारी त्यांची दुसरी बायको रिबकाबाई. पहिली बायको वारल्यावर बाबांनी मृत्युपत्रात घर मुलाच्या, शालोमच्या नावे लिहून ठेवलं. नंतर विधवा रिबकाबाईंशी लग्न केलं. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी हन्ना आली. आता रविवारी बाबांचं मुंबईत ऑपरेशन होतं. त्याआधी, आपल्यामागे मायलेकींना घरात राहू द्यावं, एवढी ओळ त्यांना मृत्युपत्रात वाढवायची होती.

हिंदूचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. ज्यूंचं, ख्रिस्त्यांचं होतं. आमच्याकडे येणारे बहुतेक अशील हिंदू, म्हणून सीनियर गाफील. आणि मृत्युपत्र नसेल तर? विधवेला तिसरा हिस्सा, बाकी मुलाला. सावत्र मुलीला शून्य! बाबा जिला रोज हात धरून शाळेत पोचवतात, तिला कायदा ओळखतच नाही.

मी कॉलेजात हिंदू कोड बिलाची पत्रकं वाटलेली, हे गावभर ठाऊक होतं. बाई हक्क सोडायला लागली की माझं डोकं फिरतं.

"बाई, नवं काही लिहून घेऊच नका. तिसरा हिस्सा तुमच्या मालकीचा होईल."

बाबा हसले. "वकीलसाहेब, मी अजून जिवंत आहे."

रिबकाबाई हसल्या नाहीत. "ते घर शालोमच्या आईचे दागिने मोडून बांधलंय. पत्रकं नंतर वाटा, दादा. आज शुक्रवार. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, कामबंदीचा दिवस; मग हे पेनाला हात लावायचे नाहीत. नवं लिहा, घर शालोमलाच."

मी लिहायला बसलो. तेवढ्यात शालोमच मुंबईहून धापा टाकत आला. "मावशी, घर लिहून घेताय ना? कळलं मला!"

मी भडकलो. "जुना कागद गेला. या गप्प बसल्या असत्या तर तिसरा हिस्सा यांचा होता. तुमच्याच नावे लिहून घ्यायला बसल्यात!"

तो बाकावर बसला. मी मसुदा वाचला: घर शालोमला, रिबकाबाईंना तहहयात राहण्याचा हक्क, हन्नाला लग्नापर्यंत मागची खोली.

"मागची नको," शालोम खालमानेनं म्हणाला. "पुढची लिहा. मागे अंधार असतो. पोरगी वाचत बसते."

"सकाळपासून काही खाल्लंस का?" रिबकाबाईंनी विचारलं.

साक्षीदार म्हणून सही करायला त्याने पेन उचललं. मी ते हिसकावलं. यांच्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. घरच हातचं गेलं असतं! सीनियर आणि शेजारचे दुकानदार साक्षीला बसले. ऊन दारात होतं तोवर सह्या झाल्या.

बाबा ऑपरेशनमधून उठले, पुढे सहा वर्षं जगले. ते गेल्यावर त्या घरावरून कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही.

दुसरं लग्न केलंत तर मृत्युपत्रही दुसरं करा. प्रत्येकाच्या घरात रिबकाबाई नसतात.