मावशीची गाडी आणि खडूच्या खुणा

आमच्या मावशीला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती म्हणते, "कापते." विचारणारा एक पाऊल मागे सरकतो. मग ती हसून सांगते, "कापड हो! शाळेचे गणवेश शिवते."

तिच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि छताला टेकलेले गणवेशांचे गठ्ठे. बसायचं तर गठ्ठ्यावर बसावं आणि मावशीनं 'ऊठ' म्हटलं की उठावं. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तिथंच एका गठ्ठ्यावर पेपर वाचत असतात. तो गठ्ठा गेला की दुसऱ्यावर जातात.

हे गठ्ठे आसपासच्या शाळांना पोचवायला मावशीकडे गाडी आहे. जुनी, चौकोनी, टपावर लोखंडी कॅरियर. रंग कधीकाळी निळा होता असं काका सांगतात, आपण मान हलवायची. गाडी नव्हती तेव्हा मावशी धाकट्या दिराच्या टेम्पोवर अवलंबून होती. दीर गॅरेजवाला, मावशीचे भावोजी. माणूस मनानं वाईट नाही, पण "आलोच वहिनी" म्हणाला की अंधार पडेपर्यंत त्याचं ते 'आलोच' चालू. तिकडे हेडमास्तर फोनवर ओरडायचे आणि इकडे मावशी गठ्ठे बांधून गॅरेजातल्या मोडक्या स्टुलावर टेम्पो रिकामा व्हायची वाट बघत बसायची. गाडी घेतली आणि ते स्टूल सुटलं.

आता तीच गाडी गचके खायला लागली. सपाटीवर निघून जायची, पण चढ आला की खोकायची, आणि पाण्याच्या टाकीच्या चढावर तर मधेच मान टाकायची. मावशी उतरून बॉनेटवर थाप मारायची, बसक्या बैलाला मारावी तशी. बैल निदान शेपटी हलवतो.

भावोजींनी गाडी गॅरेजात नेली, बरेच दिवस झाडाखाली उभी केली आणि होती त्यापेक्षा जास्त धूळ घालून परत आणली.

"वहिनी, हिचं काही खरं नाही," ते चहाचा कप हातात घेऊन म्हणाले. "सुट्या भागांसाठी एक जण घेतो म्हणतोय. रविवारी ओढून नेतो."

"बरं," काका म्हणाले. काकांचं 'बरं' पोस्टाच्या शिक्क्यासारखं. एकदा पडलं की पुसत नाही.

मावशीनं कात्री टेबलावर ठेवली. "आणि माझे गठ्ठे?"

"टेम्पो आहे की आपला!"

"म्हणजे पुन्हा तुमचं स्टूल. त्यापेक्षा मी डोक्यावर घेऊन जाईन. रविवारी या तुम्ही. गाडी टाकीचा चढ चढली तर राहील. नाही चढली तर घेऊन जा."

"आणि दुरुस्त कोण करणार?"

"मी."

भावोजींना असं हसू फुटलं की चहा नाकातून आला. "अहो वहिनी, ती गाडी आहे, परकर नाही!"

"माहीत आहे. परकर खोकत नाही. मी तुम्हाला काही विचारणार नाही, तुम्ही डोकावायचं नाही. ठरलं?"

"ठरलं. दोर घेऊनच येतो."

आता हिला गाडीतलं काय कळतं, असं वाटेल. तर त्या मोडक्या स्टुलावर माणूस वर्षानुवर्षं बसलं की दुसरं बघणार काय? गचके खाणारी गाडी आली की भावोजी आधी प्लग काढून बघतात, हे मावशीनं इतक्या वेळा पाहिलं होतं की झोपेतही सांगेल. कमी होती ती हत्यारांची.

हत्यारांच्या दुकानात मी बरोबर होतो, पिशवी धरायला. दुकानदारानं एक भली मोठी पेटी काढली आणि नवरदेव दाखवावा तसं झाकण हळूच उघडलं. आत पाने, पान्याला लावायच्या गोट्या, पकडी, सगळं आरशासारखं चकचकीत.

"ताई, यात सगळं आलं. घरातल्या घरात विमान खोलाल."

"विमान विकून टाकलं मागच्या वर्षी," मावशी म्हणाली आणि पर्समधून एक बोल्ट काढला. गाडीच्या बॅटरीचा. आपण साडीला मॅचिंग बटण... छे, ब्लाउजला मॅचिंग बटण शोधायला जुनं बटण नेतो ना, तसा तिनं तो आणला होता. पेटीतला पाना त्यावर बसवून तिनं हलवला. खडखड वाजला.

"हे काय ताई, बांगड्या आहेत का घालून बघायला?"

"बांगडी सैल असली तर नुसती वाजते. पाना सैल असला तर नटाचे कोपरे खातो आणि माझ्या हाताची सालं काढतो. ही पेटी ठेवा. मला बंद तोंडाचे पाने द्या, माझ्या गाडीला लागतात तेवढेच. उघड्या तोंडाची आमच्या घरात पुष्कळ आहेत."

पर्समधून गाडीचे आणखी बोल्ट काढून, एकेक पाना त्या त्या बोल्टावर बसवून, हलवून, हातात तोलून तिनं मोजकेच घेतले. एक चांगली पक्कड घेतली, कात्रीसारखी उघडमीट करून. प्लगपाना घेताना आत बोट घालून बघितलं, प्लग धरून ठेवायला रबर आहे ना म्हणून. प्लगची फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा तर तिला एवढा आवडला की दुकानातच बाहीची कड मोजून बघितली. पेटी खपली नाही म्हणून दुकानदार जरा हिरमुसला, पण पिशवी त्यानंच नीट बांधून दिली.

रविवारी सकाळी अंगणात जुनी चादर अंथरली. मावशीनं साडीवर काकांचा पोस्टातला खाकी शर्ट चढवला, बॅटरीची वायर सोडवली आणि इंजिनात डोकं घातलं. प्लगांच्या चार जाड वायरी, प्रत्येकीची जागा ठरलेली. तिनं शिंपी खडूनं प्रत्येक वायरीवर आकडा घातला, ती जिथं बसते तिथंही घातला. मग वायरी दोन्ही टोकांनी काढल्या, प्लग काढले. काळे कुळकुळीत!

"हे बघा," तिनं काकांना एक प्लग दाखवला. "खोकणार नाही तर काय करणार बिचारी?"

नवे प्लग घेतले होते. पात्यानं फट मोजली, प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत आत नेला. "आधी धावदोरा, मग टीप," ती स्वतःशीच पुटपुटली आणि आटे नीट धरल्यावरच पाना लावून आवळला. सगळं झकास चाललं होतं. मी मनात म्हटलं, भावोजींचा दोर आज वाया.

आणि इथं मावशीतली शिवणारीण आडवी आली. तिच्याकडून कपडा जाताना त्यावर खडूची रेघ राहिली, असं कधी झालेलं नाही. रेघ दिसली की हात आपोआप ओला फडका शोधतो. तिनं इंजिनावरचं सगळं लख्ख पुसलं, वायरी पुसून चादरीवर मांडल्या, कंबर सरळ केली आणि समाधानानं खाली बघितलं.

"अगं," काका म्हणाले, "ते आकडे कुठं गेले?"

मावशीचा हात फडक्यासकट तिथंच राहिला.

मग अंदाजानं वायरी लावल्या, बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं, शहारलं आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की काकांचा पेपर एकीकडे नि चष्मा दुसरीकडे. समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही! गाडी बोलली!" मावशी ओरडली. पण चेहरा उतरला होता.

"त्याला फोन करू का?" काकांनी हळूच विचारलं. "दोन मिनिटांत सांगेल."

"सांगेल आणि जन्मभर सांगत राहील. फोन खाली ठेवा."

दुपार कलायला लागली होती. मावशीनं वायरी पुन्हा काढल्या, आत नेऊन इस्त्रीच्या टेबलावर टाकल्या आणि त्यांच्याकडे बघत बसली. मी म्हटलं, झालं, आता ही रडणार. ती कसली रडते! तिनं एक वायर सरळ केली. सोडली. वायर परत आपल्या जागी वाकली. दुसरी केली. ती वेगळीच वाकली.

"अहो, तुमची जुनी पँट आठवते?" ती काकांना म्हणाली. "घडी घातली तरी गुडघा कुठला ते कळायचं."

"आता माझ्या पँटनं काय केलं?"

"वापरून वापरून कापडाला बाक येतो. डावा पाय उजवा म्हणून खपत नाही. या वायरींनाही आलाय."

टेप घेऊन तिनं चारही वायरी मापल्या. एकीचीही लांबी दुसरीसारखी नाही. मग एकेक इंजिनावर धरून बघायला लागली, अंगावर बाही धरून बघावी तशी. आखूड वायर लांबच्या प्लगला पोचेना. लांब वायर जवळच्या प्लगवर पोटासारखी फुगली. फिरवत फिरवत शेवटी प्रत्येक वायर न ओढता, न ताणता आपापल्या बाकात जाऊन बसली. मावशीनं शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना सारख्या गाठी मारल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

भावोजी आले. खांद्यावर दोराचं वेटोळं.

"काय वहिनी, बांधू का?"

"बसा आधी."

"चहाला?"

"गाडीत."

भावोजी दोर मागच्या सीटवर टाकून पुढे बसले, मी आणि काका मागं. मावशीनं चावी फिरवली. गाडी एकदा कुरकुरली आणि चालू झाली. खोकणं नाही, बार नाही. भावोजींनी कान टवकारला. टाकीचा चढ आला. निम्म्यावर, जिथं ती नेहमी मान टाकायची, तिथं काकांनी माझा गुडघा धरला. मावशीनं गिअर खाली घेतला. गाडी गुरगुरत, एका लयीत, वर टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

भावोजी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि लाल गाठींकडे बघत राहिले.

"हे काय?"

"दोरा."

"गरम भाग लागला तर जळेल. जरा वर सरकवा."

"सरकवते," मावशी म्हणाली आणि तिथंच सरकवला.

चढ उतरून परत आलो. फाटकाशी आल्यावर भावोजी म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू आता?"

"सांगा, आलोच," काका मागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं गणवेशांचे गठ्ठे टपावर चढवले. बांधायला सुतळी शोधत होती, तर मागच्या सीटवर दोराचं वेटोळं पडलेलं. चांगला जाड, मजबूत दोर. तिनं गठ्ठ्यांवरून तो दोनदा फिरवला, गच्च गाठ मारली आणि निघाली.

भावोजी अजून अधूनमधून दोर मागायला येतात. पण ते येतात तेव्हा मावशी नेमकी शाळेला माल पोचवायला गेलेली असते, आणि दोर टपावर असतो. काका त्यांना बसायला एक गठ्ठा देतात.