माश्यांवर नजर ठेवणाऱ्या बाई

बाईची गोष्ट म्हटल्यावर तुमी सावरून बसला असाल. बसा की! पण हितं प्रेमबिम काय न्हाई, माश्या हायत.

लढाईच्या दिवसांतलं कवठे महांकाळ. शेजारच्या गावात पटकीची, म्हंजी कॉलऱ्याची, साथ लागलेली, आन् आमची जत्रा बंद पडायच्या बेतात. तवा साताऱ्याहून ह्या बाई आल्या. एकटीनं सुरू केलेलं त्यांचं आरोग्य मंडळ आता तालुक्या-तालुक्यात फिरत हुतं. खांद्याला मलमलीच्या फडक्यांची झोळी. उघडी जिलबी दिसली की बाई मान तिरकी करायच्या आन् नाकातनं सूर काढायच्या, "मालक, आधी माश्यांची पंगत, मग माणसांची?"

हलवाई गडबडीनं फडकं टाकायचा. बाई पुढं गेल्या की फडकं पुन्हा बाजूला.

मग मी, गावातलं एक उनाड पोरगं, हलवायाच्या पालामागं एका बैलाला कुरवाळत हुबेहूब त्यांचाच सूर लावला. फटाफटा साऱ्या पाट्यांवर फडकी पडली! एका हलवायानं मला हुडकून काढलं. "आरं, तू व्हय! लय भ्यालो की रं," म्हणून हसत हातावर जिलबी ठेवली.

तेवढ्यात बाई समोर; त्यांनी सारं बघितलेलं. मी गाल सांभाळला. पण त्या म्हणाल्या, "मंडळात येतोस? मी गाव सोडलं की काम थांबतं. मला मागं राहणारा आवाज हवाय."

मी खुशीत जिलबी कोंबली आन् बोटं चाटली.

"अरे गाढवा! बैल कुरवाळलेला हात तो! धुतलास का? माझी नक्कल करायची तर सगळी कर!"