क्रीमची बाजू

"पिळायचं न्हाय, वळवायचं. बाटलीचं टोपण काढल्यागत," असं म्हणत मामा क्रीमचं बिस्कीट दोन बोटांत धरायचे, डोळे मिटायचे आणि मनगट अलगद फिरवायचे. दोन चकत्या सुटायच्या, एक कोरी आणि एक क्रीमची. क्रीम सगळं एकाच चकतीवर आलं पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. "दोन्हीकडं चिकटलं तर माल कच्चा. क्रीमनं कुणातरी एकाचं व्हावं की."

लहानपणी तुम्हीही बिस्किटं अशीच उघडून चाटली असतील. पण त्याच कामाचा पगार घेणारा माणूस मी हा एकच पाहिला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका शेठचा बिस्किटांचा छोटा कारखाना होता आणि मी तिथं कारकून होतो. बाया लांब टेबलाशी बसून सुरीनं क्रीम लावायच्या, वर दुसरी चकती दाबायच्या. पहिला घाणा निघाला की चव बघायला बशी मामांपुढं जायची; सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. ते 'व्हय' म्हणाले तरच माल पुड्यांत. शेठ बायकोला भीत नसत, पण मामांच्या 'न्हाय'ला भीत.

मामा खिडकीपाशी स्टुलावर बसत. शेजारी आणखी एक स्टूल असे, रिकामं. त्यावर पूर्वी मामी बसायच्या. त्याही इथंच क्रीम लावायला होत्या. दोन वर्षांपूर्वी तापात गेल्या. त्यानंतर त्या स्टुलावर कुणी बसलं नाही, आणि बस असं कुणी कुणाला म्हटलंही नाही.

मामा कोरी चकती स्वतः खायचे. क्रीमची चकती त्या स्टुलावर ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "हेळ." म्हणजे कानडीत 'सांग'. मग जरा वेळ मान कलती करून थांबायचे आणि निकाल द्यायचे. आम्ही म्हणायचो, दुःख आहे बिचाऱ्याला, करू दे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. साखरेचं काम ते, डब्यापासून दप्तरापर्यंत सगळीकडं मुंग्या. पण स्टुलावरच्या चकतीला दिवसभरात एकही मुंगी लागलेली मी पाहिली नाही. मी ते मनावर घेतलं नाही. नोकरी टिकवायची तर माणूस बरंच काही मनावर घेत नाही.

मग एके दुपारी चहावाल्या बाईनं चुकून साखरेऐवजी मीठ घातलं. सगळ्यांनी थूथू केलं. मामा कप तळापर्यंत प्याले आणि म्हणाले, "आज चहा झकास हाय."

मी कप खाली ठेवला. या माणसाला चवच नव्हती. मग रोजचा निकाल कोण देत होतं?

दुसऱ्या दिवशी वनस्पती तुपाचा एक डबा खवट निघाला. मी क्रीम आधीच चाखून पाहिलं होतं, पण मुद्दाम गप्प राहिलो आणि मामांच्या मागं उभा राहिलो. त्यांनी बिस्कीट उघडलं. कोरी चकती कागद चावावा तशी चावली. दुसरी स्टुलावर ठेवली. "हेळ." टेबलाशी बाया बडबडत होत्या, तरी खिडकीपाशी मला एकदम शांत वाटलं. मामांनी मान हलवली.

"न्हाय. तूप खवट हाय म्हणती."

बाया जेवायला उठल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला चव लागते का हो?"

त्यांनी बोटांवरचा चुरा झाडला. "दोघांना येकच ताप आला हुता. मी उठलो, ती उठली न्हाय. जाताना माझी जीभ घिऊन गेली बगा. म्हणून तिला इचारतो."

"शेठना माहीत आहे?"

"न्हाय. तुमी सांगू नका, भाऊसाहेब." त्यांनी माझा हात धरला. तळवा गार होता. "घरला ती येत न्हाय. हितंच येती. माझी नोकरी गेली तर ती कुणाला सांगंल?"

मी सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त कीव येत होती.

पुढच्या थंडीत एका सोमवारी मामा आले नाहीत. झोपेतच गेले होते. तेरा दिवस शेठनी दुसरा माणूस शोधला नाही. मग मला म्हणाले, "तुम्ही त्यांचं रोज बघत होता. तुम्हीच चाखा."

बशी घेऊन मी खिडकीपाशी गेलो. बिस्कीट दोन बोटांत धरलं, पिळलं नाही, वळवलं. क्रीम मधोमध तुटून दोन्ही चकत्यांवर अर्धं अर्धं आलं होतं, सुरीनं वाटे केल्यासारखं. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसरंही. मी एक चकती चाटून पाहिली. माल कच्चा नव्हता, उत्तम होता.

दोन चकत्या मी दोन स्टुलांवर ठेवल्या.

"उभे का?" शेठ मागून म्हणाले. "बसा की."

मी म्हटलं, "जागा नाही."