तेल लावून पाण्यात उतरू नये

माणसाच्या अंगावरून काय काय निघतं, हे मला कुणी विचारू नये. जेवण जाणार नाही. केस, कातडीचा भुगा, बाम, पावडर, घामट्ट मळ. लोक पाण्यात उतरतात, ताजेतवाने होऊन घरी जातात, आणि हे सगळं माझ्या मागच्या खोलीत येऊन बसतं.

नल्लकुंट्यात आमच्या घराच्या तळमजल्यावर माझं फिजिओथेरपीचं सेंटर आहे. पुढे हॉलमध्ये व्यायामाच्या गाद्या, मागे कोमट पाण्याचा छातीइतका खोल, लहानसा पूल. जमिनीवर उचलत नाहीत ते पाय पाण्यात उचलतात. माझे बाबा त्यातलेच. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चार पावलं टाकली तरी त्यांना घाम फुटायचा, पण पाण्यात वीस-वीस फेऱ्या मारायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाण्यातलं चालणं सुटलं तर पुढे अंथरूणच.

म्हणून पूल गढूळ व्हायला लागला तेव्हा माझं डोकंच फिरलं. हॉलला लागून असलेल्या खोलीत वाळूचा फिल्टर आहे, कमरेइतकी उंच टाकी. तिच्यातल्या वाळूतून पुलाचं पाणी गाळलं जातं. उलटं पाणी सोडून दोनदा धुतला, तरी गढूळपणा हटेना. वाळूच तेलकट झाली होती. म्हणजे कुणीतरी अंगाला तेल चोपडून उतरत होतं. माझा संशय एका बाईंवर. त्यांच्या वेणीतून खोबरेल अक्षरशः ठिबकायचं. मी तेलुगू, उर्दू आणि मराठीत फलक लावला, ‘तेल लावून पाण्यात उतरू नये. सापडल्यास पूल कायमचा बंद.’ मराठी सगळ्यात वर, कारण त्या बाई आपल्याच.

त्याच आठवड्यात बाबांनी पाण्यात उतरणं सोडलं. आज नको, ठणका लागलाय. आज नको, सर्दी वाटतेय. गढूळ पाण्याला कंटाळले असतील, असं मी धरलं. आठ दिवसांत त्यांचे पाय पुन्हा दगडासारखे झाले. त्या तेलवालीला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की काय सांगू.

वाळू बदलायची तर आधी टाकीतलं पाणी काढायला हवं. रविवारी सेंटर बंद, आणि नेमका प्लंबर लग्नाला गावी. फोनवर म्हणाला, “मॅडम, जल्दी नक्को करो. बाहर का ढक्कन खोलो, अंदर की जाली को हात नक्को लगाओ. जाली निकली तो पूरी रेती घर में आती.”

हौ, म्हटलं, समजलं. मोटर बंद केली, व्हॉल्व्ह बंद केले. टाकीच्या बुडाशी परात सरकवली, उंबऱ्याला जुन्या चादरी लावल्या. टाकीच्या तळाशी असलेल्या बुचाचं बाहेरचं झाकण फिरवून तिथे चटकन पाइप बसवला, त्याचं दुसरं टोक खिडकीतून मागच्या गटारात. मग वरचा हवेचा स्क्रू सैल केला आणि पाणी निमूट निघालं. काळं, जाड, कुजकट वासाचं, पण पाइपातून. फरशीवर थेंब नाही. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

पाच मिनिटांत धार आटली. जाळीत चिकटा अडकला होता. पाइप काढून तारेनं टोचलं, टाकीवर लाथ घातली, काही नाही. आणि मग माझा तो मेला स्वभाव! पाना घेतला आणि जाळीच फिरवून काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शी! भसकन सगळं बाहेर आलं. परात बुडाली, चादरी वाहून गेल्या, तो बरबटा उंबरा ओलांडून हॉलमध्ये गाद्यांपर्यंत पोचला. वाळू कसली ती! काळा, बुळबुळीत लगदा, त्यात केसांचे गुंते आणि तेलाच्या गोळ्या. माझ्या पायांच्या बोटांमधून तो वर येत होता. मला दोनदा ओकारी आली. खोऱ्यानं बादल्या भरताना मी मोठमोठ्यानं बोलत होते, लाज कशी वाटत नाही या लोकांना, घरी अंघोळीला पाणी नाही का!

तिसऱ्या बादलीला एक गोळी बोटांत चिरडली गेली आणि वास नाकात शिरला. खोबरेल नव्हतं. कडू, उग्र, करंजाचं तेल. लहानपणी खरूज झाली की आई हेच चोळायची. आता कोण लावतं करंजाचं तेल?

तशीच, बरबटलेल्या हातांनी बाबांच्या खोलीत गेले. औषधांच्या डब्यामागे बाटली होती, गौलीगुड्याच्या दुकानाची चिठ्ठी लावलेली, अर्धी संपलेली.

“बाबा, हे काय?”

त्यांनी आधी लुंगी ओढून नडग्या झाकल्या. त्यांना जुना सोरायसिस आहे, दोन्ही पायांवर पांढऱ्या खपल्या. 

“तूच म्हणाली होतीस ना बाई,” ते म्हणाले, “खपल्या पाण्यावर तरंगतात, लोकांना किळस येते. तेलानं त्या चिकटून राहतात. मग तू पाटी लावलीस, म्हणून मी उतरणंच सोडलं. माझ्यापायी तुझा पूल बंद नको व्हायला.”

म्हणाले होते मी. दोन महिन्यांपूर्वी, घाईत, दांड्याच्या जाळीनं पुलाच्या पाण्यावरचा कचरा काढताना. तो रोग लागत नाही हे मला पाठ आहे, पेशंटना मीच समजावते. आणि खरं सांगायचं तर त्या पेशंटांपैकी एकानंही बाबांच्या पायांबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या खोबरेलवाल्या बाई तर त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवायच्या.

लोकांना किळस येते, असं मी म्हणाले होते. लोक म्हणजे मीच होते.