माहूरच्या गडावर भरलेली ओटी

हे लिहिण्याचा मला खरे तर अधिकार नाही. आमच्या घरात पाटी-पेन्सिल माझ्यापासूनच आली. वडील अजून अंगठा उठवतात. वसतिगृहाच्या हस्तलिखित अंकासाठी ‘आपल्या संस्थानातील पाहण्याजोगी ठिकाणे’ या विषयावर लिही, असे मित्रांनी सांगितले आणि मी भिडेपोटी हो म्हणालो. हैदराबादभोवतीचे एकावर एक ठेवल्यासारखे खडक मी पाहिले आहेत, वेरूळची लेणी पाहिली आहेत. सेनगावकडची काळी जमीन तर पायाखालचीच. पण लिहायला बसलो की माहूरच डोळ्यांपुढे येते, आणि तिथे मी काही पाहायला गेलो नव्हतो. चुकेल ते वाचकांनी पोटात घालावे.

माझी थोरली बहीण सरूअक्का. तिची दोन लेकरे जन्मताच गेली. तिसऱ्या खेपेला ती माहेरी आली ती पाय सुजलेले घेऊनच, आणि अंथरुणाला खिळली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले की दोघांपैकी कोण हाती लागेल, सांगवत नाही. आईने माहूरच्या देवीला ओटी बोलली. ती बाळंतपणाआधी पोचायला हवी होती, आणि आईला अक्काजवळून हलता येत नव्हते. मी सुटीत घरी होतो. खणा-नारळाने सूज कशी उतरेल, असे माझ्या मनात आले; पण अक्का माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी जातो म्हणालो.

“तू स्वतः भरू नको,” आईने बजावले. “गडी माणसानं ओटी भरायची नसती. तिथं एखादी सवाशीण बघ आन् तिच्या हातून भर. इतकं नीट कर, बाबा.”

शेजारचे गणपाकाका छकडा घेऊन सोबत निघाले. वारंग्यापर्यंत सपाट काळे रान, वैशाखात भेगाळलेले. हदगाव मागे पडले तशी जमीन वर उठू लागली, आणि पुढे डोंगरच डोंगर, पाने झडलेल्या सागाचे. आपल्याच संस्थानात असा मुलूख आहे, हे मला पुस्तकातून कधी कळले नव्हते. मोहाच्या सावलीत बैल सोडले की मला वाटे, अक्काला हे दाखवायला हवे होते. ती हिंगोलीच्या पलीकडे कधी गेलीच नाही.

गडावर पोचलो तेव्हा भर दुपार होती. जत्रेचे दिवस नव्हते, पाचसहाच बायका होत्या. एका घरंदाज बाईंपाशी मी दोनदा गेलो आणि दोनदा देवळाचा कळस बघत परतलो. परक्या बाईशी बोलायची मला सवय नाही. काका पायरीवर टेकले होते.

“काहून रे, कालेजात बोलायला शिकवत न्हाईत व्हय?”

तोवर त्या बाई निघूनही गेल्या. मला रडू यायचे बाकी होते. चार दिवसांची वाट, अक्काचा जीव, आणि माझी जीभ उचलत नाही! शेवटी मीच ओटीचे गाठोडे सोडायला बसलो.

“अरे अरे! गडी ओटी भरून राहिला, बघा!” मागून कुणी हसले. लमाण बाई होती, कोपरापर्यंत बलोती, त्यांच्यातल्या पांढऱ्या बांगड्या, घातलेली, डोक्यावर मोळी. “मी काय दिसलेच न्हाई तुला? का लमाणाची म्हणून इचारलं न्हाईस?”

मी मान खाली घातली. लाजत होतो हे खरे, पण तिच्याकडे मी पाहिलेही नव्हते, हेही तितकेच खरे. तिने मोळी टाकली, हात धुतले, अक्काचे नाव विचारले आणि पदर नीट करून माझ्या बहिणीच्या नावाने देवीची ओटी भरली. मग प्रसादाच्या कुटलेल्या विड्यातली चिमूट माझ्या हातावर ठेवून म्हणाली, “दोन गेली ना? हे राहील. जा आता, भिऊ नको.”

दोन गेल्याचे मी तिला सांगितले नव्हते. काकांनी सांगितले असेल. मी काकांना विचारले नाही, आणि आजही विचारावेसे वाटत नाही. मोळी उचलून ती गेली, आणि मी देवीपुढे पहिल्यांदाच काही न मागता बसलो. जे माझ्याने होत नव्हते ते कुणीतरी हसत हसत माझ्या हातातून काढून घेतले होते. शरण जाणे म्हणजे काही मोठे असेल असे मला वाटे. ते इतकेच असावे, गाठोडे दुसऱ्याच्या हाती देणे.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. लमाण बाई म्हटल्यावर तिने विडा एकदा निरखून पाहिला, मग अक्काच्या तोंडात घातला. सुटी संपली आणि काही न कळताच मला हैदराबादला परतावे लागले. रोज टपालवाल्याची वाट पाहत होतो. शेवटी गावच्या मास्तरांच्या अक्षरात वडिलांचे कार्ड आले: “सरू सुखरूप. मुलगी झाली, दूध पिते. गडावरच्या त्या बाईचंच नाव पोरीला ठेवायचं असं तुझ्या आईनं ठरवलं आहे. बारसं त्यासाठीच थांबवलं आहे. नाव तेवढं उलटटपाली कळव.”

ते मी विचारलेच नव्हते.