बसून पाहिलेली भिंत

राज्याच्या उद्यान विभागात तो एकतीस वर्षे पाट्या रंगवत होता. सगळे त्याला पाटीवाला म्हणत. त्याचे खरे नाव पगारपत्रकाबाहेर फारसे कोणी वापरले नसावे. डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर प्रवाशाला जे काही सांगायचे असे, म्हणजे पुढे धबधबा आहे, वळण अवघड आहे, इथून दरी दिसते, ते सारे त्याच्या हातच्या अक्षरांतून सांगितले जाई.

कोणा जुन्या अभियंत्याने विभागाला एक नियम घालून दिला होता. पाटी रंगवण्यापूर्वी रंगाऱ्याने त्या जागी जावे, तिथल्या बाकावर बसून समोरचे पाहावे आणि पत्र्याच्या पाठीवर ‘बसून पाहिले’ असे लिहून सही करावी. उभ्या माणसाला जे दिसते ते मुलांना आणि म्हाताऱ्यांना दिसेलच असे नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. इतर रंगाऱ्यांनी हा नियम केव्हाच गुंडाळून ठेवला होता. ते कचेरीतच सह्या ठोकून मोकळे होत. पाटीवाल्याने मात्र एकदा भर उन्हाळ्यात धबधब्याची पाटी परत आणली होती आणि ‘फक्त पावसाळ्यात’ ही ओळ घातल्यावरच ती पुन्हा लावली होती.

निवृत्तीला सात महिने उरले असताना सर्वांत मोठ्या दरीची पाटी नवी करण्याचा आदेश आला. तो गेला, बाकावर बसला. समोर दहा फुटी भिंत होती. कडेची सार्वजनिक जागा एका हॉटेलला भाडेपट्ट्याने दिली गेली होती, आणि दरी आता त्या हॉटेलच्या गच्चीवर चहा मागवणाऱ्यांनाच दिसत होती. पाटीवरची अक्षरे तीच ठेवायची होती, ‘इथून दरी दिसते’. बाण तेवढा हॉटेलच्या फाटकाकडे वळवायचा होता. त्याने पत्रा कोराच परत आणला.

“काय हो, रंग संपला का?” साहेबांनी विचारले.

“रंग आहे, साहेब. दरी संपली.”

“दरी कुठे जातेय? गच्चीवरून झकास दिसते. मी स्वतः बघून आलोय.”

“मग मागे तुम्हीच सही करा. मला बाकावरून विटा दिसल्या.”

“अहो, पाटीच्या पाठीवरची सही वाचतंय कोण?”

“मी वाचतो की.”

साहेब दुष्ट नव्हते. त्यांना फाइल बंद करायची होती; आणि सार्वजनिक आयुष्यातले बरेचसे खोटे अशा फाइल बंद करू पाहणाऱ्या सभ्य माणसांच्याच टेबलावरून पुढे सरकते. त्यांनी शांतपणे सांगितले, “उद्या पाटी लागली नाही, तर फिरती बंद. उरलेले सात महिने भांडारात काढा.”

हा घाव वर्मी बसला. त्या सात महिन्यांत राज्यातली एकूण एक पाटी शेवटची पाहून घ्यायची, असे त्याने ठरवले होते. या फेरीला पत्नीला सोबत न्यायचे त्याने कबूल केले होते. एकतीस वर्षांत तिने त्यातला एकही रस्ता पाहिला नव्हता.

संध्याकाळी घरी तिने शिवणयंत्र थांबवून सगळे ऐकून घेतले. “म्हणजे माझी फेरी बुडाली म्हणा.”

“सही केली तर नाही बुडणार.”

“आणि त्या बाकावर बसून मी विचारलं, इथून काय दिसतं हो, तर काय सांगाल?”

“भिंत.”

“मग तेच लिहा ना. घाबरता की काय?”

“तुला घाबरतो. साहेबांना कशाला घाबरू?”

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीच्याच वळणदार अक्षरांत रंगवले: ‘इथून भिंत दिसते.’ पाठीवर ‘बसून पाहिले’ लिहिले, सही केली आणि स्वतःच्या हाताने पाटी खांबाला ठोकली. ती एकोणीस दिवस टिकली. मग तिच्या जागी यंत्रावर छापलेली पाटी आली, बाणासकट. तिच्या पाठीवर काहीच लिहिलेले नव्हते. पाटीवाल्याची रवानगी भांडारात झाली.

पहिल्याच सुटीच्या दिवशी नवराबायको डबा घेऊन, साध्या बसने तिथे पोचली आणि भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली. एक मोटार थांबली. चालवणाऱ्याने काच खाली केली. “काका, काय बघताय?”

“दरी.”

“कुठाय?”

“भिंतीमागे.”

“मग वर गच्चीत जा की!”

“गच्ची हॉटेलची आहे. बाक आपला आहे,” पाटीवाल्याची पत्नी म्हणाली.

मोटारीतून एक म्हातारी उतरली. भिंतीकडे तिने बराच वेळ पाहिले. “मी लग्नानंतर इथे आले होते,” ती म्हणाली. “तेव्हा ही नव्हती मेली. सरका जरा.” आणि ती त्यांच्या शेजारी बसली.

तिघांना ओळीने बसलेले पाहून हॉटेलचा रखवालदार लगबगीने आला. “उठा, उठा. गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही हे.”

पाटीवाला बोलणार तोच पत्नीने डब्याचे झाकण उघडून म्हातारीपुढे धरले.

“थांबा की,” पत्नी रखवालदाराला म्हणाली, “आमचं अजून पाहून झालेलं नाही.”